केडगावच्या पंडिता रमाबाई

दरवर्षी आपल्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र असते. यंदा ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिणे म्हणजे किराण्याची यादी आणि भिशीचा हिशेब. पण नाव मी सुचवले तेव्हा बैठकीत जरा कुजबुज झाली, म्हणून मीच लिहायचे ठरवले. एकीला वाटले, रमाबाई म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांच्या. दुसरीने विचारले, की ज्या बाईने आपला धर्म सोडला तिचे चरित्र आपल्याकडे कशाला? प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तर मला एका वाक्यात देता येईना. म्हणून सगळे आयुष्यच सांगते. वाचून ज्यांनी त्यांनी ठरवावे.

आधी त्यांच्या आईवडिलांचे सांगितले पाहिजे. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान ब्राह्मण. तरुणपणी पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिले आणि आपल्या बायकोलाही शिकवायचे असे मनात धरले. त्या काळी बाईने संस्कृत शिकणे म्हणजे पाप. पहिल्या बायकोच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिले नाही. ती वारल्यावर बऱ्याच वयात त्यांनी दुसरे लग्न केले. मुलगी नऊ वर्षांची, नाव लक्ष्मीबाई. लोकांच्या बोलण्याचा ताप नको म्हणून शास्त्रीबुवा तिला घेऊन सह्याद्रीच्या रानात, कर्नाटकातल्या गंगामूळ येथे जाऊन राहिले आणि तिथे तिला शिकवले. त्याच रानात 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाई जन्मल्या.

घरी विद्यार्थी, यात्रेकरू, आला-गेला सतत. येईल त्याला जेवू घालता घालता कर्ज झाले आणि घर सोडावे लागले. रमाबाई तेव्हा सहा महिन्यांच्या. त्यांना वेताच्या पेटीत घालून, ती पेटी माणसाच्या डोक्यावर देऊन रानातून खाली आणले. त्यानंतर सारे कुटुंब या तीर्थावरून त्या तीर्थावर फिरत राहिले. पुराण सांगायचे आणि लोक जे देतील त्यावर राहायचे. या फिरतीतच आई त्यांना शिकवी. पंधरा वर्षांच्या होईतो त्यांना सबंध भागवत मुखोद्गत झाले होते. आपल्याला हरिपाठ पाठ करताना घाम फुटतो!

मग दुष्काळ आला. मद्रास इलाख्यातला तो दुष्काळ फार मोठा होता. शास्त्रीबुवांकडे जे काही होते, दागिने, चांदीची भांडी, तांब्या-पितळेची भांडी, सगळे विकून पैसा दानधर्मात आणि ब्राह्मणभोजनात गेला. देव प्रसन्न होईल अशी आशा होती. मोलमजुरी करावी असे कोणाच्या मनातच येईना, कारण शास्त्र्याच्या घराला ते शोभत नव्हते. शेवटी रानात जाऊन मरावे असे ठरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. वडिलांनी तलावात जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि ब्राह्मणपणाचा अभिमान सोडून मी मजुरी करतो म्हणाला. पण उशीर झाला होता. 1874 साली वडील गेले. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या.

थोड्याच दिवसांत आई आजारी पडली. यातली एक गोष्ट मी जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते रमाबाईंचे पुढचे सगळे आयुष्य तिच्यात आहे. आईला तापात खावेसे वाटू लागले. घरात दाणा नाही. तिने रमाबाईंना सांगितले, शेजारी जाऊन बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागून आण. रमाबाई गेल्या. त्या घरची बाई प्रेमाने बोलली, पण यांच्या तोंडून शब्द फुटेना. डोळ्यांतले पाणी त्यांनी मोठ्या कष्टाने अडवले तर ते नाकातून वाहू लागले. त्या बाईने चेहऱ्यावरून ओळखले आणि आपणच विचारले, काही खायला हवे का? तेव्हा कुठे भाकरीचा तुकडा म्हणून यांना सांगता आले. मिळाला. उपकार मानायलाही शब्द सुचेना. तशाच धावत घरी आल्या. आईला तो खाता आला नाही. तिच्यात तेवढी शक्ती उरली नव्हती. थोड्या दिवसांनी ती गेली.

शेजारणीकडे विरजण मागताना, वाटीभर साखर मागताना आपल्याला काही वाटत नाही. कारण उद्या आपण ती परत करणार असतो. परत करण्याची ताकद नसते तेव्हा भाकरी मागणे काय असते हे ज्याने मागितली त्यालाच ठाऊक. आणि ती शेजारीण! तिचे नाव कुठेच नाही. तिने न मागता ओळखले एवढेच तिचे चरित्र. पण मला सारखे वाटते, की रमाबाईंनी पुढे हजारो मुलींना जे दिले, त्यात त्या बाईचे ओळखणे होते.

आईला खांदा द्यायला माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ, आणि चौथ्या जागी रमाबाई. उंचीने लहान असल्यामुळे त्यांना तिरडी खांद्यावर घेता येईना, म्हणून डोक्यावर घ्यावी लागली. मसण दूर, कोसा-दीड कोसावर. पुढे थोरली बहीणही गेली. राहिली दोन भावंडे.

ती दोघे हजारो मैल पायी फिरली. कधी भिजवलेले मूठभर दाणे आणि मीठ एवढेच जेवण. पंजाबातल्या थंडीत अंगावर पांघरायला नाही म्हणून नदीकाठी खड्डे खणून त्यात निजायचे आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून घ्यायची. हे वाचल्यावर मी घरातल्या जादा गोधड्या मोजल्या होत्या.

1878 साली ती कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. सन्मान झाला, पण सुख टिकले नाही. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर टीकेची झोड उठली. एप्रिल 1881 मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने नवरा गेला. पदरात दहा महिन्यांची मुलगी, वय चोवीसच्या आत. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा, सगळी आठ वर्षांत गेली.

इथून पुढचे मला विशेष वाटते. एवढे दुःख झाल्यावर माणूस दार लावून घरात बसतो. आमच्या थोरल्या जाऊबाई गेल्या तेव्हा घरात कोणाला चार महिने सण करावासा वाटला नाही, आणि त्यात काही वावगे नव्हते. रमाबाई मात्र त्याच वर्षी पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि बायकांना वैद्यकी शिकवा, मास्तरीण होऊ द्या, असे सरकारच्या शिक्षण कमिशनपुढे उभे राहून सांगितले. रानड्यांच्या रमाबाईही या समाजात येत. तेव्हा ज्या भगिनीने दोन रमाबाईंची गल्लत केली तिचे तसे फार चुकले नाही, दोघी एका सतरंजीवर बसत होत्या.

1883 साली त्या मनोरमेला घेऊन विलायतेला गेल्या. डॉक्टर व्हायचे होते. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असे, ते वाढत गेले आणि वैद्यकीचा विचार सोडावा लागला. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच जीव दिला. परक्या मुलखात दोन वर्षांची पोर आणि मैत्रिणीचे असे मरण, काय दिवस असतील ते!

वाँटेज या गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या राहत होत्या. त्या जोगिणींनी लंडनजवळ फुलहॅम येथे एक घर चालवले होते. वाट चुकलेल्या, लोकांनी टाकलेल्या बायका तिथे ठेवून घेत, त्यांना माणसात आणत. रमाबाईंनी ते घर पाहिले. अशा बाईला आपल्याकडे काय वागणूक मिळते हे त्यांना माहीत होते. हातात शास्त्रे होती आणि त्यांत बाईबद्दल काय काय लिहिले आहे हेही त्यांनी वाचले होते. या बायकांवर दया का करता, असे त्यांनी एका जोगिणीला विचारले, तेव्हा तिने त्यांना येशू आणि शोमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, परक्या जातीची ती बाई. येशूने विहिरीवर तिच्याकडे पाणी मागितले आणि तिच्याशी धर्माच्या गोष्टी केल्या. रमाबाईंच्या मनावर याचा फार परिणाम झाला. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

काही लोक रमाबाईंची स्तुती करताना हे प्रकरण हळूच गाळतात. काही लोक एवढेच सांगतात आणि बाकी सगळे गाळतात. मला दोन्ही पटत नाही. त्यांची दया ख्रिस्तावरच्या भक्तीतून आली, असे त्या स्वतः मानत होत्या, तर ते आपण का लपवावे? आणि ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या कोणाच्या ताब्यात गेल्या असेही नाही. त्या जोगिणींशी, पाद्र्यांशी धर्माच्या बाबतीत त्यांचे कडाक्याचे वाद झाले. पटेल तेच घ्यायचे हा स्वभाव शेवटपर्यंत राहिला. मांस कधी खाल्ले नाही. लुगडे सोडले नाही.

1886 साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला त्या अमेरिकेत गेल्या. तिथे पुस्तक लिहून, गावोगाव व्याख्याने देऊन बालविधवांच्या शाळेसाठी पैसा जमवला. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. सदनात ब्राह्मण विधवांचा सोवळ्याचा स्वयंपाक वेगळा होता आणि धर्माची सक्ती कोणावर नव्हती. पहिल्या पहिल्या मुलींपैकी एक देवरुखची गोदूबाई, आठव्या वर्षी विधवा झालेली. तिचे 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झाले, आणि त्याच पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून प्रसिद्ध झाल्या.

पण त्याच 1893 साली वादळ उठले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार लावत नसत. काही मुली आपण होऊन जाऊन बसू लागल्या. दार लावा, मुलींना येऊ देऊ नका, असे सांगितले गेले. त्यांनी ऐकले नाही. केसरीतून टीका झाली, रानडे आणि भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. टीका करणाऱ्यांचेही एक म्हणणे होते. पालकांनी शिक्षणासाठी विश्वासाने मुली ठेवल्या होत्या, धर्मासाठी नव्हे. ते म्हणणे मला उडवून लावावेसे वाटत नाही. तरी एवढे म्हणते, की त्या मुलींना ठेवायला त्या वेळी दुसरी जागा कुठे होती?

पुण्यात असा अबोला असतानाच 1896 सालचा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे रस्त्याला लागली. रमाबाईंना आपले सोळावे वर्ष आठवले. त्यांनी स्वतःच्या दुष्काळाची हकीकत नंतर, 1897 साली, लिहिली. अंगाला लागलेले ते दिवस पुन्हा पाहायला जाणे सोपे नव्हते, पण त्या गेल्या. सरकारी छावण्यांत फिरल्या. तिथे उपासमारीपेक्षाही भयंकर काही दिसले. तरण्या मुलींवर नजर ठेवून वाईट माणसे फिरत होती, आणि भुकेने व्याकूळ झालेल्या मुली त्यांच्याबरोबर जात होत्या. रमाबाईंनी तीनशे मुली आणायच्या असे ठरवले. जवळ पैसा किती होता? फार थोडा. मुलींच्या अंगावर फोड, डोक्यात उवा, हाडांवर कातडे. जात त्यांनी विचारली नाही. कुणबी, गोंड, महार, ब्राह्मण, जी सापडेल ती.

पण आणल्या आणि पुण्यात प्लेग! नव्या मुली शहरात ठेवायच्या नाहीत असा सरकारी हुकूम निघाला. केडगावला रमाबाईंनी आधीच शेतजमीन घेऊन ठेवली होती, फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे म्हणून. तिकडे तंबू आणि झोपड्या उभ्या केल्या आणि मुली नेल्या. मुक्ती सदन निघाले ते असे, घाईघाईत आणि अडचणीत. आज आपण पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागते तेच हे.

तीनशे उपाशी मुली म्हणजे काय, याचा बायकांनी स्वयंपाकघरातून विचार करावा. उपाशी पोटाला एकदम जेवण घालता येत नाही. पेज द्यायची, मग मऊ भात, मग भाकरी. एकीला हगवण, दुसरीला ताप, तिसरीला घासाची चोरी करायची सवय लागलेली. ज्यांना कोणी मायेने हात लावला नाही त्या पहिल्यांदा हात झटकतात. कितीक मुली वाचल्या नाहीत. त्यांचेही सगळे केले.

1900 च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी आल्या आणि केडगावात जवळजवळ दोन हजार माणसे झाली. विहिरी खणल्या, विणकाम, दुभती जनावरे, तेलाचा घाणा, छापखाना, सगळे बायकाच चालवत. वाट चुकलेल्या बायकांसाठी कृपा सदन वेगळे काढले. फुलहॅमला पाहिलेले घर त्यांनी केडगावात बांधले म्हणा ना! आंधळ्या मुलींना मनोरमाबाई बोटांनी वाचायची लिपी शिकवत, आणि त्या शिकलेल्या आंधळ्या मुली इतरांना शिकवत.

मनोरमाबाई आईचा उजवा हात होत्या. कान गेलेल्या आईला त्या जगाचे बोलणे कळवत. गुलबर्ग्याला त्यांनी मुलींची शाळा काढली. आपल्यामागे सगळे त्याच बघतील असे रमाबाईंनी धरले होते.

त्या वर्षांत रमाबाईंनी आणखी एक काम हाती घेतले. मराठी बायबल होते, पण त्याची भाषा अवघड, संस्कृत शब्दांनी भरलेली. दुष्काळातून आलेल्या कुणब्याच्या मुलीला ते समजणार कसे? ज्या बाईचा जन्म संस्कृतात गेला, पदवी संस्कृतावर मिळाली, तिने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सगळे बायबल साध्या मराठीत उतरवायला घेतले. मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा हे विद्वत्ता बाजूला ठेवणे मोठे वाटते. पंधरा वर्षांच्या वर हे काम चालले होते. सरकारने 1919 साली कैसर-इ-हिंद पदक दिले, त्याचे त्यांना फारसे काही वाटले असेल असे दिसत नाही.

24 जुलै 1921 रोजी मनोरमाबाई गेल्या. वय चाळीस. एकुलती एक मुलगी, सगळ्यांच्या मागे राहिलेले एकच माणूस. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी जवळजवळ बहिऱ्या, प्रकृती ढासळलेली. शेकडो मुली त्यांच्याकडेच बघत होत्या. जेवण वेळेवर झाले पाहिजे, आजाऱ्यांना पाहिले पाहिजे, शाळा भरली पाहिजे. मनोरमाबाईंची कामे दुसऱ्यांना वाटून द्यायची तेवढी दिली आणि उरलेले आपण घेतले. छापखान्यातून येणारी मुद्रिते रोज तपासणे चालूच होते.

त्यानंतर त्या नऊ महिनेही जगल्या नाहीत. केडगावात असे सांगतात, की बायबलाचे तपासणे पुरे होईतो आयुष्य दे अशी त्यांनी प्रार्थना केली, आणि शेवटचे पान हातावेगळे झाल्यावर त्या गेल्या. तारीख 5 एप्रिल 1922. छापलेले सबंध बायबल 1924 साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, कागद घालणाऱ्या, पाने शिवणाऱ्या बायकांत दुष्काळातून आलेल्या मुली होत्या.